बंड्यास पत्र

प्रिय बंड्या,

अण्णा गावी कायमचे राहायला जायचं म्हणतायत. एकटे. रविवारी भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचमध्ये माणसं चढत होती, तिकडे काठी रोखून म्हणाले, "पावसाच्या आत मला सोड तिकडे. परतीचं तिकीट तुझं एकट्याचं काढ." घरात मी अजून कोणाला बोललेलो नाही. तुझ्या बाबांनीही असंच केलं होतं, म्हणून आधी तुलाच.

आमच्या तब्येती बऱ्या. हिचा गुडघा आहे तसाच.

अण्णांना कधीपासून बंदराकडे एक चक्कर मारायची होती. सकाळी लवकर पालव्याला, म्हणजे अपोलो बंदरावर, उतरलो. गेटवेकडे पाठ करून उभं राहायची त्यांची सवय तुला माहीत आहे. सगळं लक्ष पाण्यात, कोणतं जहाज कुठे नांगरलंय त्यात. मग रमतगमत बॅलार्ड इस्टेट. रविवारी तिथे कचेऱ्या बंद, रस्त्यावर झाडांची सावली, एका उंचीच्या दगडी इमारती ओळीने, आणि चालणाऱ्याला कोणी घाई करत नाही. मुंबईत इतकं सुंदर चालणं मला दुसरीकडे कुठे मिळत नाही. गेटवे आणि हा भाग दोन्ही वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या हातचे, यावरून तू माझ्याशी महिनाभर अबोला धरला होतास. मी अजूनही बरोबर आहे, लेका!

अण्णांना विटेटचं काही नाही. फुटपाथवर काठी आपटून म्हणाले, "हे सगळं आमच्या गोदीच्या पोटातून निघालंय." आणि ते खरंच. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताची इंदिरा गोदी, खणताना जो भराव निघाला, तो समुद्रात टाकून ही जमीन झाली, आणि १९१४ ते १९१८ मध्ये तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी हे वाक्य किती जणांना ऐकवलं असेल! ग्रीन गेटपाशी मात्र ते बराच वेळ नुसते उभे राहिले. पहारेकऱ्याने विचारलं, कोण पाहिजे? म्हणाले, कोणी नाही.

पुढे टॅक्सी केली. 'पी. डिमेलो रोडने घ्या' हे त्यांनी पूर्ण नाव उच्चारून सांगितलं. डिमेलो गोदी कामगारांचे पुढारी, आणि अण्णा पक्का युनियनचा माणूस! उजवीकडे भिंत लागली आणि मी वाट बघत बसलो, आता आजोबांची गोष्ट येणार. तुला ती माझ्याइतकीच पाठ आहे: १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन जहाज, त्याच्या पोटात कापूस आणि दारूगोळा, आग लागून स्फोट, ती विझवायला गेलेले ६६ जवान परत आलेच नाहीत, आणि आजोबा तिसऱ्या दिवशी काजळीने माखून दारात उभे. या वेळी त्यांनी ती सांगितलीच नाही. "प्रिन्सेस बुजवली, व्हिक्टोरिया बुजवली," त्या दोन जुन्या गोद्यांबद्दल एवढंच बोलले आणि काच वर केली. बंड्या, तिथे माझ्या पोटात गोळा आला. धक्क्यावर ते काय बोलणार, याचा मला तेव्हाच अंदाज यायला लागला होता.

आता मी काय करू? रात्री दोन वाजता ते विहिरीपाशी घसरले तर? पावसात लाँचचा भरवसा नाही. आमच्या आजीने तर रामदास बोट बुडाल्यापासून पावसात घरातल्या कोणाला बोटीत पाऊल टाकू दिलं नाही. १७ जुलै १९४७, सहाशेच्या वर माणसं गेली, त्यांत तिच्या माहेरचीही होती. आता अटल सेतू आहे, गाडीने ये, असं तू म्हणशील. गाडी मला पोचवेल रे, पण त्यांनी हाक मारल्यावर ती ऐकणार कोण?

आणि नाही तरी कसं म्हणू? माई गेल्यापासून ते आमच्या चौदाव्या मजल्यावर खुर्चीत बसून असतात. खिडकीतून समोरचा टॉवर दिसतो. गावच्या ओट्यावरून रात्री मुंबईचे दिवे दिसतात, हे त्यांनी मला टॅक्सीतून उतरताना सांगितलं, जसं काही मी ते कधी पाहिलंच नाही.

तुझ्या बाबांबद्दल एक विचारतो, खरं सांग. त्यांना एकटं राहू दिलंस याची तुला रुखरुख आहे, की आधीच जाऊ दिलं नाहीस याची? तिथल्या पावसाळ्यांत ते खुश होते का? रात्री फोन लागला नाही की तू काय करायचास? शेजारच्या काकू खरोखर लक्ष द्यायच्या, की तुझ्या समाधानासाठी 'हो हो' म्हणायच्या? सगळं लिही, आडपडदा नको.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? धाकट्याला हवं ते कॉलेज मिळालं का? नवीन घराचे फोटो पाठवतो म्हणाला होतास.

उत्तर फोनवर देऊ नकोस, हल्ली फोन अण्णाच उचलतात. माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, आणि मे लागायच्या आत.

तुझा,
दिन्या