मंडपवाल्या चाचांना, माझगावकरांकडून

प्रिय चाचा,

सलाम आणि नमस्कार.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला खपत नाहीत, हे आता सगळ्या गल्लीला माहीत झालंय. शाल-श्रीफळ घेऊन आम्ही गोदामात आलो, तर "टेम्पो भरायचाय, जरा बाजूला व्हा" म्हणून तुम्ही सरळ आत निघून गेलात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते माझगावात आणि माझगावाबाहेरही लोकांना कळलं पाहिजे.

गोदीतल्या स्फोटाच्या आठवणींचा दोन दिवसांचा कार्यक्रम चाळीत करायचा, आमच्या मनात होतं ते एवढंच. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्याच्या आठवणी गोदीलगतच्या घरांमध्ये अजून आहेत. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. दुपारी आग लागली, चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. जहाजातल्या सोन्याच्या विटा उडून लोकांच्या घरांवर पडल्या, ही गोष्ट सगळे सांगतात. पण आपला आजा त्या दिवशी कुठल्या पाळीला होता, घरी कसा पोचला, शेजारच्या खोलीतलं कोण परत आलंच नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच माहीत. ते ऐकायचं, घराघरांतले जुने फोटो मांडायचे, संध्याकाळी गाणी-बजावणी करायची आणि हे सगळं त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून पाळतात त्या अग्निशमन सेवा सप्ताहातच करायचं, असं ठरलं होतं.

एप्रिल म्हणजे तुमच्या धंद्याचा सीझन. लग्नसराई जोरात, त्यात १४ तारखेला बाबासाहेबांची जयंती. त्या दिवसांत मुंबईत घडीची खुर्ची भाड्याने मिळणं मुश्कील. आणि आम्हाला ज्यांनी हॉल कबूल केला होता त्यांनी ऐन वेळी हात वर केले. तुमच्याकडे आलो तेव्हा आम्ही फक्त भाव विचारणार होतो. तुम्ही वही काढलीत, दोन लग्नांच्या मधला शनिवार-रविवार शोधलात, आणि भाडं विचारल्यावर तुमच्या खेडकडच्या हेलात म्हणालात, "मोकळ्या दिवशी सामान गोदामात ठेवून त्याचं काय लोणचं घालायचंय?" चाळीच्या चौकात मांडव उभा राहिला तो असा.

तुमचं काम मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितलं. डाव्या हाताने वासा धरून उजव्या हाताने सुंभाची गाठ मारायची, आणि ती मारताना गाठीकडे बघायचंच नाही, वर ताडपत्रीचा ताण बघायचा. आम्ही फोटो टाचण्यांनी कनातीला लावायला निघालो होतो. तुम्ही ते थांबवलंत, आडव्या दोऱ्या बांधून घेतल्यात आणि प्रत्येक फोटो प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपड्यांच्या चिमट्यांना लावायला सांगितलंत. पश्चिमेची कनात दुहेरी केलीत, कारण चारनंतर ऊन तिथून येतं आणि जुना फोटो उन्हात राहिला की त्याचा रंग उडतो. शहात्तर सालच्या एका लग्नाचा फोटो असाच खराब झालेला तुम्ही पाहिला होतात म्हणे. फोटो परक्याचा होता, पण तुम्हाला त्याचं अजून वाईट वाटतं.

आणि मग तुमच्या वह्या. सगळ्यात मोठं देणं हेच. तुमच्या वडिलांपासूनच्या लाल कापडी बांधणीच्या भाड्याच्या वह्या तुम्ही आमच्यासमोर ठेवल्यात, "बघा, काही कामाचं असलं तर." चाचा, आमच्या भागाचा इतका खरा इतिहास मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. म्हातारपाखाडीत, म्हणजे माझगावातल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत, क्रुसाच्या सणाला खुर्च्या आणि पांढरी झालर. मोहरमच्या सबिलीला, म्हणजे पाणी-सरबत वाटायच्या मांडवाला, ताडपत्री. गणपतीचा मंडप, जयंतीचं स्टेज, पारशी बाईकडच्या नवजोतच्या (मुलांच्या धर्मदीक्षेच्या) जेवणाला लांब टेबलं, आणि मधूनच नुसतं "मयत, खुर्च्या २०, पैसे नाही". तशा नोंदी पानोपानी आहेत. मयताच्या खुर्च्यांचे पैसे तुमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी घेतलेले नाहीत, हे आम्हाला त्या वहीतून कळलं.

डॉकयार्ड रोडजवळच्या चिनी देवळावरून आम्ही सगळे येता-जाता जातो. चिनी खलाशांनी १९१९ साली ते बांधलं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत होतं? तुमच्या वहीत त्यांच्या नव्या वर्षाच्या जेवणाच्या खुर्च्या आहेत. १९६२ च्या युद्धानंतर मुंबईतली बरीच चिनी कुटुंबं शहर सोडून गेली. वहीतला खुर्च्यांचा आकडा त्यानंतर घटत जातो, आणि मग तो ग्राहक दिसतच नाही. त्या पानाची मोठी प्रत आम्ही मांडली होती. तिच्यापुढे लोक सगळ्यात जास्त वेळ थांबले.

फोटो गोळा करायला पोरं दारोदार गेली तेव्हा आधी कोणी दाद देत नव्हतं. बरोबरच आहे, लग्नाचा अल्बम अनोळखी पोरांच्या हातात कोण देईल? तुम्ही बरोबर गेलात आणि दारं उघडली, कारण त्या प्रत्येक घरात कधी ना कधी तुमच्या खुर्च्या गेल्या होत्या. म्हातारपाखाडीतल्या त्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातल्या, आजींनी तर अल्बम दिलाच, वर तुमच्या शब्दाखातर शनिवारी लुगडं नेसून मांडवात आल्या आणि 'उंबराचं पाणी' आणायला जातानाची लग्नातली गाणी म्हटली. पुढच्या ओळीतल्या आमच्या सातारच्या काकू दुसऱ्याच कडव्याला टाळ्यांचा ठेका धरायला लागल्या. आजी थांबल्या, त्यांच्याकडे बघून हसल्या आणि पुढचं कडवं त्यांच्याकडे बघतच गायल्या.

रविवारी सकाळचा फेरफटका टेकडीवरच्या जोसेफ बाप्टिस्टा उद्यानापर्यंत होता. लोकमान्यांचे सहकारी, १९१६ च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष काका बाप्टिस्टा आपल्या म्हातारपाखाडीतले, हे मुलांना सांगायचं म्हणून मी तयारी करून गेले होते. पण बागेखाली पाण्याची टाकी आहे, त्याआधी तिथे माझगावचा किल्ला होता आणि वरून गोदी कुठवर दिसते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मुलं कठड्याला जाऊन चिकटली. स्फोट झाला ती जागा त्यांना बोटाने दाखवलीत. तुमचे वालिद त्या दिवशी गोदीच्या फाटकाबाहेर हातगाडीवर वासे घेऊन उभे होते, हेही तिथेच पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं तुम्ही कोणाला का नाही सांगितलंत, असं एका मुलीने विचारलं. "कोणी विचारलं नाही," म्हणालात.

भायखळ्याचं वस्तुसंग्रहालय, ज्यूंचं सिनगॉग, ग्लोरिया चर्च बघायला बाहेरून पुष्कळ लोक येतात. यावंच त्यांनी, मी स्वतः अशा फेऱ्यांना हौसेने जाते. पण त्यांत इथे राहणारी माणसं क्वचित दिसतात, आणि मला त्याचं कायम वाईट वाटत आलंय. आपल्या मांडवात मात्र डोंगरीचे, ताडवाडीचे, गोदी कॉलनीचे लोक होते, घरची कामं आटपून आलेले, पोरं कडेवर घेतलेले. ते इतिहासासाठी आले असं मी म्हणणार नाही. चाचांनी बोलावलंय म्हणून आले, आणि मग दोरीवर आपलाच फोटो बघून दोन-दोन तास थांबले.

वह्यांचं स्कॅनिंग चालू आहे. कापडी बांधणी ढिली होऊ नये म्हणून एकेक पान हाताने उलटतोय, त्यामुळे आणखी पंधरा दिवस लागतील. मूळ वह्या तुमच्या हातातच आणून देऊ, दुसऱ्या कोणाकडे देणार नाही. मधल्या काही वर्षांच्या वह्या पोटमाळ्यावर आहेत म्हणालात. तुम्ही शिडीवर चढू नका, गुडघ्यांचं लक्षात ठेवा. रविवारी दोन पोरं पाठवते. आणि भाडं घेणार नसाल तर निदान फाटलेल्या त्या ताडपत्रीचे पैसे तरी घ्या. पाकीट भाभींकडे देऊन ठेवलंय, त्यांनी ते परत पाठवणार नाही असं कबूल केलंय.

तुमची,
चौकातल्या दुसऱ्या मजल्यावरची, आणि सगळी चाळ