अर्थिंगची वायर काढून टाकायचा सल्ला देणाऱ्या ग्राहक सेवेबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : भिंतीवरच्या 2000 वॉटच्या बाथरूम हीटरसोबत दिलेला स्विच, वायरिंगचं चुकीचं चित्र आणि हेल्पलाइनचा जीवघेणा सल्ला

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनवरचा फोन आत्ताच ठेवला आहे. हीटर चालू केला की आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडतो, एवढीच तक्रार होती. उत्तर मिळालं, "हिरवी-पिवळी वायर काढून ठेवा, मग पडणार नाही." हे वाक्य व्यवस्थापनाने सावकाश दोनदा वाचावं. तिथे येतोच, आधी खोक्यातल्या स्विचबद्दल.

तो 6 अँपिअरचा आणि सिंगल पोल आहे, म्हणजे एकच तार तोडणारा. 2000 वॉटला 230 ने भागलं की 8.7 अँपिअर येतात. हा भागाकार तुमच्या डिझाइन विभागात कोणाला तरी जमत असेलच. दिव्या-पंख्याचा स्विच हीटरला दिला की पहिल्या दिवशी काही होत नाही, तिथेच फसगत होते. तापून-थंड होऊन टर्मिनलचा स्क्रू ढिला पडतो. त्या सांध्यात 0.1 ओहमचा जरी अडथळा तयार झाला, तरी 8.7 अँपिअरला सुमारे 7.5 वॉट उष्णता करंगळीच्या नखाएवढ्या जागेत साठते. आधी प्लेट पिवळी पडते, मग जळका वास येतो, मग वायरीचं पीव्हीसी कडक होऊन तडकतं. साधं पीव्हीसी 70 अंशांपर्यंतच्याच कामाचं असतं, हे तुम्हाला मी सांगायचं?

आता पत्रकातलं चित्र. त्यात स्विच न्यूट्रलमध्ये दाखवला आहे! म्हणजे स्विच बंद, हीटर थंड, आणि कॉइलवर फेज तशीच हजर. जाळी पुसायला हात घालणाऱ्याने समजायचं की वीज बंद आहे. इथे 20 अँपिअरचा डीपी स्विचच हवा, जो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. वर त्याच चित्रात स्विच शॉवरशेजारी काढला आहे. टबच्या किंवा शॉवरच्या जागेच्या कडेपासून 60 सेंटिमीटरच्या आत साधा भिंतीवरचा स्विच नको, हा बऱ्याच देशांत मानला जाणारा नियम आहे. उत्तम म्हणजे स्विच दाराबाहेर. आत हवाच असेल तर छताला दोरीचा. हीटरवर आयपीएक्स4 (म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसतो) छापायला विसरला नाहीत, स्विचच्या प्लेटमागून पाणी शिरेल हे मात्र सुचलं नाही.

पत्रकात काय असायला हवं होतं ते लिहितो, छापायला सोयीचं पडेल. हीटरसाठी बोर्डापासून स्वतंत्र लाइन, 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, 16 अँपिअरचा एमसीबी (करंट त्याहून जास्त झाला की तोडणारा) आणि 30 मिलिअँपिअर गळतीला पडणारा आरसीसीबी. नुसत्या एमसीबीने वायर वाचते, माणूस वाचत नाही. 16 अँपिअर म्हणजे 30 मिलिअँपिअरच्या पाचशेपटींहून जास्त. कामाआधी मेन बंद करून टेस्टर आधी चालू लाइनवर, मग कामाच्या तारांवर, मग पुन्हा चालू लाइनवर लावायचा, म्हणजे टेस्टरच बिघडलेला नाही हे कळतं. निऑनच्या स्क्रूड्रायव्हर टेस्टरवर एकट्यावर भरवसा नको. इन्सुलेशन 8 ते 10 मिलिमीटरच सोलायचं, सुट्या तारांच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) लावायचं, स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघायची. अर्थिंगची वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवायची, म्हणजे हिसका बसला तर ती सगळ्यात शेवटी सुटते. डीपी स्विचवर लाइन आणि लोड या बाजू उलट झाल्या, तर हीटर चालतो, पण स्विच बंद केला तरी इंडिकेटर जळत राहतो. बोर्डाचा डबा लोखंडी असेल तर त्यालाही अर्थिंग. आणि "निळीला निळी जोडा" हे वाक्य तर ताबडतोब काढा. तुमच्या केबलमध्ये निळी म्हणजे न्यूट्रल, पण जुन्या घरच्या वायरिंगमध्ये निळी ही फेजही असते. रंग बघून नाही, मोजून जोडायचं.

आता तो फोन. पहिला प्रश्न, "आपल्याकडे पाण्याचं प्रेशर किती आहे?" हा हीटर हवा तापवतो, त्याला नळच नाही, असं सांगितल्यावर थोडी शांतता, आणि मग, "तरीपण अंदाजे सांगा ना." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! त्यानंतर "सीनियर" आले. आरसीसीबी पडतो म्हटल्यावर म्हणाले, "तो खूप सेन्सिटिव्ह असतो, काढून टाका." नाही काढणार म्हटल्यावर, "मग अर्थिंग काढा, आमचे टेक्निशियन तसंच करतात." बॉडी धातूची आहे, करंट उतरला तर काय, असं विचारल्यावर उत्तर आलं, "चप्पल घालून वापरा." बाथरूममध्ये. चप्पल घालून. अंघोळीला.

अर्थिंग काढल्यावर आरसीसीबी पडत नाही, हे खरंच आहे. कारण गळतीला जायला वाट उरत नाही. गळती थांबलेली नसते, ती बॉडीवर वाट बघत बसते आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाचा हात लागला की त्याच्यातून जाते. आरसीसीबी तेव्हा पडेल, पण झटका बसल्यावर. अर्थिंग असेल तर हात लागायच्या आधी पडतो.

त्या सीनियरना विचारता आलं असतं ते हे : हीटर सोडवून लाइन चालू केल्यावर पडतो का? पडत असेल तर दोष वायरिंगचा, बहुधा न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकला आहे किंवा दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळला आहे. फक्त हीटर जोडल्यावर पडत असेल तर कॉइल. स्विच बंद असूनही पडत असेल, तर सिंगल पोलने न तोडलेल्या तारेतून गळती चालू आहे, म्हणजे पुन्हा तुमचा तोच 6 अँपिअरचा दागिना. नळीच्या कॉइलमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दमट हवेत ओलावा ओढते, म्हणून बरेच दिवस पडून राहिलेला हीटर गळतो. 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) 1 मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं तर कॉइल वाळवायची, तरी सुधारलं नाही तर बदलायची. ती बदलून देणं तुमचं काम आहे.

मागण्या अशा : कॉइलची तपासणी, 20 अँपिअरचा डीपी स्विच, आणि हे पत्रक विकल्या गेलेल्या प्रत्येक खोक्यापुरतं लेखी रद्द. बदली म्हणून तोच 6 अँपिअरचा स्विच पुन्हा पाठवू नका. तुमचं नाव बघून लोक डोळे मिटून वस्तू घेतात, ते यापुढे घेणार नाहीत याची सोय तुम्ही स्वतःच केली आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर पत्रक आणि स्विच ग्राहक आयोगापुढे ठेवीन. सोबत त्या फोनचं रेकॉर्डिंगही मागवून घेईन. "गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड होत आहे" असं तुम्हीच ऐकवता, तेव्हा ते पुसलं जाणार नाही एवढं बघा.

एक ग्राहक