जनगणनेतली नावे 100 वर्षांनी तरी वाचू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2027 च्या जनगणनेविषयी आपल्या दैनिकात बरेच छापून येते आहे. जातीचा रकाना, प्रगणकाच्या मोबाइलवरचे अॅप, घरबसल्या स्वतःची नोंद करण्याची सोय, सगळ्यावर चर्चा झाली. भरलेल्या माहितीचे पुढे काय होणार, हे मात्र कुणी विचारलेले दिसत नाही. आकडे छापून येतीलच. घराघरातल्या नावांचे काय?

मी राजापूर तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. शिरगणतीचे काम आम्हा मास्तरांच्या पाचवीलाच पुजलेले. एक वाडी खाडीला, दुसरी सड्यावर, असे घाट्या चढत-उतरत घरात कोण कोण, वय काय, कुटुंबप्रमुखाशी नाते काय, हे लिहून घ्यायचे आणि पत्रके तालुक्याला जमा करायची. पुढे घराण्याची वंशावळ लावायला बसलो तेव्हा कळले, की मला हवा असलेला कागद नेमका याच जातीचा होता आणि तो आता जगात कुठेही नाही.

आपल्याकडे पहिली खानेसुमारी 1872 च्या सुमारास झाली. 1881 पासून दर 10 वर्षांनी ती देशभर एकाच वेळी होऊ लागली. जुन्या काळी मोजणीची रात्र ठरवताना चांदणे पाहत, म्हणजे प्रगणकाला घरोघर फिरता यावे. इतक्या कष्टाने लिहिलेली नावे तक्ते तयार होईपर्यंतच राहिली. नंतर मूळ पत्रके नष्ट केली जात. म्हणून 1901 साली अमुक तालुक्यात माणसे किती हे छापील खंडात मिळते, पण आपल्या घरात कोण होते हे मिळत नाही. आजही 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 प्रमाणे ही पत्रके कुणालाही पाहता येत नाहीत. किती वर्षांनी पाहता येतील, अशी मुदत त्यात नाहीच.

मग कोकणातल्या माणसाने शोधायचे कुठे? सातबारा आणि फेरफार आहेत, पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती तो त्यात नाही. शाळेचे जनरल रजिस्टर आहे, पण त्यात शाळेची पायरी चढलेलेच. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू असतात. कुणबी नोंदींच्या शोधामुळे 2023 पासून त्यांतली बरीच मोडी पाने स्कॅन झाली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली, हे फार चांगले झाले. तिथे बापाचे नाव मिळते, आईचे क्वचितच. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या आहेत, पण त्या यात्रेला गेलेल्यांच्या. काही घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. मुलगी लग्न होऊन गेली की त्यांतली तिची रेघ तिथेच संपते. घरातल्या एकूण एक माणसाला, कूळ असो की खोत, एकाच कागदावर बसवणारी नोंद होती ती फक्त जनगणनेची.

आमच्या पणजोबांचे नाव फेरफारात सापडले. ते परळला गिरणीत होते आणि शिमगा-गणपतीला यायचे. घर, भातशेती, गुरे, म्हातारी सासू हे सगळे पणजीने सांभाळले. तिचे माहेरचे सोडाच, सासरचे नावही घरात कुणाला ठाऊक नाही. पूर्वी माणूस त्या रात्री जिथे असेल तिथेच मोजला जाई. म्हणजे पणजोबा मुंबईच्या खोलीत मोजले गेले असणार आणि गावच्या घरात पहिले नाव तिचे, नाहीतर सासूचे. असे घर आमचे एकट्याचे नव्हते. 2011 सालीही रत्नागिरी जिल्ह्यात दर 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, ते काय उगीच? आता, सुरुवातीच्या जनगणनांत बाईचे नाव सांगायला घरचे तयार नसतील तर नुसते ‘स्त्री’ लिहावे अशी सूचना असे, हेही खरे. तरी वय आणि जात-धर्म कळला असता. तेवढेही आज हाती नाही.

इंग्लंडमध्ये ही पत्रके 100 वर्षे बंद ठेवतात आणि मग खुली करतात. 1921 ची जानेवारी 2022 मध्ये खुली झाली. अमेरिकेत ही मुदत 72 वर्षांची आहे. आयर्लंडची 1901 आणि 1911 ची पत्रके तर इंटरनेटवर फुकट बघता येतात. एवढे लांब कशाला, आपल्याच मुलखातून गिरमिटिया म्हणून मॉरिशसला गेलेल्यांचे पाहा. त्यांची नावे, वये, जाती, जिल्हे आणि गावे लिहिलेली बुके तिथे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत, काहींचे तर फोटोही आहेत. उसाच्या मळ्यावर राबायला गेलेल्याच्या पणतूला आपले मूळ गाव कागदावर वाचता येते. गावातच राहिलेल्यांच्या पणतूने हात हलवत बसायचे.

यावर आक्षेप येतील. माहिती गुप्त राहते म्हणून तर लोक खरे सांगतात, आणि ते गुप्त राहिलेच पाहिजे. जातीचा रकाना असताना तर जास्तच. म्हणून 72 वर्षे मला कमी वाटतात, 100 योग्य. ही नोंद न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, ही कलम 15 मधली तरतूदही तशीच ठेवावी. आमच्याकडे एका फणसावरून भाऊबंदांचे दावे पिढ्यान् पिढ्या चालतात, त्यांना आणखी एक कागद देण्याची गरज नाही.

पूर्वी गठ्ठे ठेवायला जागा नाही असे म्हणता आले असते. यंदा माहिती मोबाइलवरच भरली जाणार, तेव्हा ती अडचणही उरली नाही. जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. त्याआधी कलम 15 मध्ये 100 वर्षांच्या मुदतीची दुरुस्ती व्हावी आणि तोवर 2027 ची मूळ नोंद न पुसता राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवण्याचे बंधन घालावे. कोकणातल्या खासदारांनी, पक्ष कोणताही असो, हा प्रश्न लोकसभेत मांडावा अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी