काका, बांबू मात्र ठेवून घेते

आदरणीय काका,

तोंडावर आभार मानले असते तर "हं, बरं" म्हणून तुम्ही पेपर उघडला असता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

जूनमध्ये तुम्ही दारात येऊन विचारलंत, "सूनबाई, पिशवी भरली का?" तेव्हा मला रागच आला होता. ठाण्याजवळच्या आपल्या दिवा गावात पाणी काय नवीन आहे? दर पावसाळ्यात घोट्याएवढं येतं नि जातं. तुम्ही हटला नाहीत. समोर बसून भरायला लावलीत: रेशनकार्ड, आधार, पासबुक दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून, बॅटरी, चिक्की, सासूबाईंच्या औषधांची चिठ्ठी. वर कॅलेंडरवर अमावास्या-पौर्णिमेला लाल गोल. "खाडीला उधाण असलं की नाल्याला जायला वाट नसते, तो मागे फिरतो." हे तुम्ही 2005 च्या 26 जुलैला सगळा संसार भिजवून शिकलेले.

त्या रात्रीची तारीख नेमकी गोलातलीच. एकच्या सुमाराला मोरीतून बुडबुडे यायला लागले, दीडला पाणी खाटेला टेकलं. ज्यांच्या नंबरवर भरवसा होता, त्यांनी फोन उचलला नाही. 1077 लागला, जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष. माहिती नीट लिहून घेतली, पण बोटीला वेळ लागणार होता.

तेवढ्यात तुम्ही आलात, लुंगी खोचून, हातात बांबू. "मेन स्विच पाडला? सिलिंडर बंद?" बस, एवढंच. मग पुढे तुम्ही, दर पावलाला बांबू टेकवत, कुठल्या गटाराचं झाकण निघालंय ते चाचपत. मागे ह्यांच्या पाठीवर सासूबाई, शेवटी मी, पिशवी डोक्यावर. इन्सुलिनचा थर्मास तुमच्या गळ्यात. बाटली बर्फाला टेकून गोठू नये म्हणून तुम्ही मध्ये काकूंचा रुमाल गुंडाळला होता. एवढ्या घाईत हे सुचतं कसं माणसाला!

शाळेच्या पहिल्या मजल्यावर सासूबाईंना सकाळची सुई वेळेवर मिळाली. खाली आमचा फ्रीज आडवा तरंगत होता. गाद्या, टीव्ही, मुलाची वह्या-पुस्तकं, सगळं गेलं. पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा कागद मात्र कोरडे निघाले.

थर्मास घासून मुलाबरोबर पाठवतेय, रुमालही धुतलाय. बांबू मात्र ठेवून घेते. तुम्ही दुसरा आणा.

तुमच्या शेजारच्या खोलीतली,
सूनबाई