मौद्रिक अर्थशास्त्राच्या वर्गात पतसंस्थेचा ताळेबंद यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानदेशातील एका तालुक्याच्या महाविद्यालयात मी निवृत्तीपर्यंत मौद्रिक व वित्तीय अर्थशास्त्र शिकवले. फिशरचे समीकरण, पतनिर्मिती, रोख राखीव प्रमाण, रेपो दर हे सारे विद्यार्थी नीट लिहीत आणि चांगले गुण मिळवत. तरीही हा विषय आपल्या भागात अपुरा शिकवला जातो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे आणि त्यात माझाही दोष आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एक पतसंस्था अडचणीत आली. माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या आईने शिवणकाम करून साठवलेली रक्कम, बँकेपेक्षा व्याज जास्त मिळते म्हणून, तेथे मुदत ठेवीत ठेवली होती. ती मुलगी घरी येऊन म्हणाली, ‘सर, ५ लाखांपर्यंत विमा असतो ना?’ एम.ए.ला याच विषयात तिला प्रथम श्रेणीचे गुण होते. ठेव विम्याचे ते संरक्षण बँकांतील ठेवींना आहे, त्यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्था मात्र येत नाहीत, कारण त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सहकार खात्याच्या देखरेखीखाली चालतात आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना त्यांना नसतो. नावात ‘सहकारी’ आणि दारात रोखपालाची खिडकी असली, की सामान्य माणसाला दोन्ही संस्था सारख्याच वाटतात. १९६० साली पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि १९६२ पासून देशात ठेव विमा सुरू झाला, एवढे मी दरवर्षी सांगत असे. पण तो कोणाला लागू नाही, हे मी कधी फळ्यावर लिहिले नव्हते.

रेपो दराचेही, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते त्याचेही, तेच. दर पाव टक्क्याने उतरला, तर जळगावातील नोकरदाराच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाचा हप्ता हलतो, कारण बँकांनी ऑक्टोबर २०१९ पासून अशी नवी कर्जे रेपोसारख्या बाह्य मानदंडाशी जोडली आहेत. चोपड्याच्या कापूस उत्पादकाच्या ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला मात्र त्याचा फारसा स्पर्श होत नाही. त्या कर्जाचा व्याजदर सरकारच्या व्याज सवलत योजनेने बांधलेला आहे. आणि ज्याला वेळेवर पीक कर्ज मिळाले नाही, जो सराफाकडे दागिना गहाण ठेवून बियाणे आणतो, त्याच्यापर्यंत रेपो दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीचा निर्णय पोहोचतो का, हा या विषयाचा गाभ्याचा प्रश्न आहे. शेतकऱ्यांची मुले बाकांवर बसलेली असताना आपण तो विचारत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या अर्थशास्त्र अभ्यास मंडळाला माझी विनंती आहे की, नव्या शैक्षणिक धोरणातील क्षेत्रीय प्रकल्पाचा उपयोग यासाठी करावा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातील एका पतसंस्थेचा किंवा विकास सोसायटीचा ताळेबंद मिळवून वाचावा, थकीत कर्ज आणि त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, म्हणजे तरतूद, यांचे प्रमाण स्वतः काढावे व तोंडी परीक्षेत ते मराठीत समजावून सांगावे. सभासदांना वार्षिक सभेत अहवाल दिला जातोच. बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरात तो कुठेतरी पडलेला सापडेल.

आपला विश्वासू,
अर्थशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, अमळनेर