कलिंगड आधी धुवावे, मग कापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की नाशिकमध्ये पेठ रोड, दिंडोरी रोड आणि मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला कलिंगडांचे ढीग दिसू लागतात आणि त्याच सुमारास मोबाइलवर कलिंगडाला लाल रंगाचे इंजेक्शन टोचत असल्याच्या चित्रफितीही फिरू लागतात. त्या पाहून धास्तावलेले ग्राहक फळ हातात फिरवून सालीवर सुईचे छिद्र शोधतात. घरी आल्यावर मात्र तेच फळ न धुता, नुकतीच मिरची-कोथिंबीर चिरलेल्या सुरीने ओट्यावर कापले जाते आणि उरलेले अर्धे संध्याकाळपर्यंत तसेच उघडे राहते. कलिंगड खाऊन पोट बिघडते ते बहुधा या दुसऱ्या कारणाने, आणि नेमक्या त्याच कारणाविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

इंजेक्शनाच्या शंकेचे निरसन थोडा विचार केला तरी होते. कलिंगडाचा गर भरीव असल्याने सुईने सोडलेला रंग त्या जागेपुरताच मुरेल, फळभर एकसारखा पसरणार नाही. शिवाय छिद्रातून शिरलेल्या जंतूंमुळे ते फळ एप्रिलच्या उन्हात विक्रीआधीच नासेल, म्हणजे व्यापाऱ्याचेच नुकसान. कार्बाइडने पिकवल्याचा आरोपही टिकत नाही, कारण वेलीवरून तोडल्यानंतर कलिंगड पिकतच नाही. गराच्या मधोमध पडलेली पोकळी किंवा भेग ही अपुरे परागीभवन आणि फळाची असमान वाढ यांची खूण असते. कापसाचा बोळा गरावर घासून तो गुलाबी झाला की भेसळ सिद्ध झाली, असे मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, टोमॅटोला लाल करणारे लायकोपीन हेच रंगद्रव्य कलिंगडातही असते आणि गर दाबला गेला की त्याचे कण रसाबरोबर बोळ्यावर येतात. फळातून फेस येत असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर मात्र ते आतून आंबलेले असते. चव न पाहता ते टाकून द्यावे.

या धास्तीतून आलेली एक सवय मला अधिक काळजीची वाटते. 'लाल आहे का, कापून दाखवा' असे ग्राहक म्हणतो, विक्रेता दिवसभर उघड्यावर असलेल्या सुरीने फळात एक त्रिकोणी खाप पाडतो, टोकाला धरून ती वर काढतो, लाल रंग दाखवतो आणि पुन्हा भोकात दाबून बसवतो. त्या क्षणी ते फळ कापलेले फळ होते. पण ग्राहक त्याला अखंडच समजतो, स्कूटरच्या पायाशी ठेवून गावभर फिरवतो आणि घरी आल्यावर 'उद्या कापू' म्हणून कोपऱ्यात ठेवून देतो. सुईच्या काल्पनिक छिद्राला घाबरणाऱ्या माणसाने पैसे देऊन एवढे मोठे छिद्र पाडून घ्यावे, याला काय म्हणावे? जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग पांढुरका न राहता पिवळसर झालेला असणे आणि आकाराच्या मानाने फळ हाताला जड लागणे, या दोन खुणा बाहेरूनच पाहता येतात. टिचकी मारून आवाज ऐकणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यातला जाणकार घरात एखादाच असतो, बाकीचे नुसतेच ठोकतात. एवढे पाहूनही फळ फिके निघाले, तर त्याचे सरबत करावे.

आता कापण्याविषयी. कलिंगड वेलीवर असताना मातीला टेकलेले असते, पुढे ट्रकमधील पेंढ्यात आणि त्यानंतर रस्त्याकडेच्या धुळीत राहते. साल आपण खात नाही म्हणून ती धुण्याचे कारण नाही, असा समज सर्वत्र आढळतो; प्रत्यक्षात सुरी सालीतूनच आत जाते आणि सालीवरचे जंतू पात्याबरोबर गरात उतरतात. कलिंगडात सुमारे ९२ टक्के पाणी असते, त्यात साखर असते आणि लिंबू-संत्र्यासारखा आंबटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे आत गेलेल्या जंतूंना वाढायला अडथळा असा राहत नाही. म्हणून अखंड फळ वाहत्या नळाखाली ब्रशने किंवा खरबरीत फडक्याने चोळून धुवावे आणि स्वच्छ कापडाने कोरडे करावे. साबण लावू नये. कोरडे करण्यात आणखी एक हित आहे, ते म्हणजे ओले, गुळगुळीत फळ सुरीखाली सटकून हात कापण्याचा धोका टळतो.

याच कारणासाठी मोठे कलिंगड विळीवर घेऊ नये, मग विळीचा हात कितीही बसलेला असो. फळीखाली ओले फडके पसरले की ती हलत नाही. लांब पात्याच्या, धार असलेल्या सुरीने आधी देठाकडचा आणि मग त्याच्या विरुद्ध टोकाचा पातळ काप काढावा, म्हणजे फळ सपाट बुडावर उभे राहते. मग वरून खाली, फळाच्या गोलाईने सुरी नेत साल पट्ट्यापट्ट्यांनी उतरवावी. सालीला थोडा पांढरा भाग राहिला तर राहू द्यावा, तो पुढे कामाला येतो. सोललेला गोळा उभा चिरून त्याच्या लांबट खापा केल्या की बियांच्या ओळी उघड दिसतात. त्या ओळीवरून आणखी एक चीर दिली की बहुतेक बिया चमच्याच्या टोकाने खरवडून निघतात. मुलांना आणि वृद्धांना द्यायच्या फोडींसाठी एवढा वेळ अवश्य काढावा. फळाचा सर्वांत गोड भाग मध्यावर असतो, तेव्हा आडव्या चकत्या करण्यापेक्षा मध्यातून बाहेर येणाऱ्या खापा केल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडा गाभा येतो आणि पंगतीतली भांडणेही टळतात. मीठ किंवा चाट मसाला ताटात घेतल्यावरच भुरभुरावा. आधी लावल्यास फोडींना पाणी सुटते.

अखंड कलिंगड सावलीत, हवेशीर जागी कित्येक दिवस टिकते. कापलेल्या फळाला ती मुभा नाही. कापलेली फळे दोन तासांच्या आत आणि हवा ३२ अंशांच्या वर असल्यास तासाभरातच शीतकपाटात जावीत, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य संकेत आहे, आणि नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी आपल्याला तासाभराचाच नियम लागू होतो. फोडी झाकणाच्या डब्यात ५ अंशांच्या खाली ठेवून तीन दिवसांत संपवाव्यात. अर्धे फळ तसेच ठेवायचे असल्यास कापलेली बाजू पूर्ण झाकावी आणि ते दुधाच्या पातेल्यापासून व कच्च्या मांस-मासळीपासून दूर ठेवावे. बुळबुळीत लागलेल्या फोडी धुऊन पुन्हा वाढण्याची काटकसर करू नये.

काटकसर करायचीच असेल, तर ती सालीत आहे. वरची हिरवी पातळ साल सोलून टाकली की आतला पांढरा भाग दुधी भोपळ्याच्या जागी सहज चालतो. मोहरी-हिंगाच्या फोडणीवर त्याच्या बारीक फोडी परताव्यात, चिंच-गूळ आणि दाण्याचे कूट घालावे. झाकण ठेवून थोडाच वेळ शिजवले की भाजी तयार होते. किसून मीठ लावले की जे पाणी सुटते, त्यातच भाजणी भिजवून थालीपीठ लावता येते. फळ खाण्याआधीच सोलण्याचा आग्रह मी धरते तो यासाठीच, कारण दातांनी खाऊन टाकलेल्या साली स्वयंपाकात घेता येत नाहीत. उरलेल्या हिरव्या साली बारीक करून घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात द्याव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाईंसाठी रस्त्यावर टाकण्यात पुण्य नाही, कारण गाय पिशवीसकट खाते.

ठिबक सिंचन आणि मल्चिंगवर (जमिनीवरच्या आच्छादनावर) पैसा ओतून घेतलेले हे पीक शेतकऱ्याला साठवून ठेवता येत नाही. ऐन हंगामात अफवेने मागणी घटली, तर पडेल त्या भावाने माल द्यावा लागतो. आपल्या दैनिकाला माझी विनंती अशी आहे की, फेब्रुवारी संपण्यापूर्वीच अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयाला आणि मुक्त विद्यापीठाच्या येथील कृषी विज्ञान केंद्राला या चित्रफितींबद्दल विचारून त्यांची उत्तरे छापावीत, आणि त्यांच्या शेजारीच फळ धुण्या-कापण्या-ठेवण्याची माहिती द्यावी.

आपली,
एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक