पाम पायलटवाल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण २००१च्या हिवाळ्यात ओहायोतल्या एका मेडिकल लायब्ररीच्या काउंटरवर तुम्ही बसायचात आणि माझ्या कोटावरची पाटी वाचून 'काहून गं, मराठी का?' असं विचारलंत, एवढ्यावरून ओळखाल. मी मिरजेची. रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष. अमेरिकेत आल्यापासून 'काहून' पहिल्यांदाच कानावर पडलं. खरं तर मिरजेतही ते कुणी म्हणत नाही, तरी डोळे भरून आले.

राउंडला सर विचारायचे, 'याला आधार काय?' म्हणजे कुठल्या संशोधनाचा. तो आधार लायब्ररीत, लायब्ररी पलीकडच्या इमारतीच्या तळघरात, आणि मधे बर्फ. पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायची वेबसाइट, १९९७पासून सगळ्यांना फुकट होतं, पण वॉर्डातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर सिस्टरांचा हक्क आधी. माझ्याकडे एक सेकंडहँड पाम थ्री-एक्सई होता, तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर. त्यात मी ड्यूटीचे दिवस आणि घरचा फोन नंबर ठेवला होता. तुम्ही तो उलटसुलट करून म्हणालात, 'एवढ्यासाठी घेतला? मग डायरी काय वाईट?'

आठ एमबी मेमरी, १६० बाय १६० ठिपक्यांचा पडदा, दोन बारीक सेल. त्यात काय काय बसतं ते तुम्ही दाखवलंत. ईपॉक्रेट्सची औषधांची माहिती फुकट मिळायची, ती घातलीत. वेबपानं पामवर उतरवणारं अव्हांटगो लावून दिलंत. पाम कॉम्प्युटरला जोडलेल्या क्रेडलमध्ये, म्हणजे त्याच्या बैठकीत, ठेवून हॉटसिंकचं बटण दाबलं की जर्नल्सच्या अनुक्रमणिका आणि सारांश आत उतरायचे, मग जिन्यात, कँटीनच्या रांगेत, कुठंही वाचा. वायरलेस वगैरे काही नाही. सकाळी नळाला येईल तेवढं भरून घ्यायचं आणि दिवसभर पुरवायचं, तसला प्रकार. विकतचे लेख उघडायला लागणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या प्रॉक्सीपुढे, म्हणजे लॉगिनच्या दारापुढे, पाम हात टेकायचा आणि पीडीएफ त्या पडद्यावर मावायची नाही. म्हणून लेखातला नेमका हवा तो परिच्छेद तुम्ही मेमोत टाकायचात. मेमोला साधारण चार हजार अक्षरांची मर्यादा, त्यामुळे कात्री लावण्यात तुम्ही पटाईत झाला होतात. मग दोन्ही पाम नाकाला नाक लावून समोरासमोर धरायचे आणि इन्फ्रारेडनं मेमो इकडून तिकडे. येणारेजाणारे बघून हसायचे.

पण त्याआधी चिठ्ठी. 'मशीन मग उघड. आधी प्रश्न लिही.' कागदावर, एका ओळीत. रुग्ण कोण, करायचं काय, कशाच्या तुलनेत. मी नुसतं 'सेप्सिस' (जंतुसंसर्गानं सगळं शरीर बिघडणं) लिहिलं, तुम्ही चिठ्ठी परत सरकवलीत. अशी तीनदा. मला तुमचा रागच आला होता. चौथ्यांदा लिहिलं: सेप्टिक शॉकच्या (सेप्सिसनं रक्तदाब कोसळलेल्या) रुग्णावर पहिल्या सहा तासांत ठरावीक लक्ष्य धरून उपचार केले तर नेहमीच्या उपचारांपेक्षा मृत्यू कमी होतात का? तुम्ही पबमेडची क्लिनिकल क्वेरीज नावाची चाळणी लावलीत आणि डेट्रॉइटचा तो लेख वर आला, ८ नोव्हेंबरच्या न्यू इंग्लंड जर्नलमधला. २६३ रुग्ण. हॉस्पिटलातले मृत्यू ३०.५ टक्के, नेहमीच्या उपचारांत ४६.५. सकाळी राउंडला मी पामवरून आकडे वाचले. सर काही न बोलता पुढच्या खाटेकडे गेले. त्यांच्याकडून हे कौतुकच. (२०१४-१५ मध्ये तीन मोठ्या चाचण्यांत तो फायदा दिसला नाही. तोवर नेहमीचे उपचारच खूप सुधारले होते. 'कशाच्या तुलनेत' हे तुम्ही का ठोकून बसवत होतात, ते मला तेव्हा नीट कळलं.)

आणि ती फेब्रुवारीतली रात्र. ड्यूटीवर ड्यूटी, पाम सेल बदल म्हणून सांगत राहिला, मी दुर्लक्ष करत राहिले. त्याची सगळी मेमरी सेलवर जगणारी. सेल मेले आणि सगळं साफ. पावणेदहाला धावत आले तेव्हा लायब्ररी बंद व्हायला पंधरा मिनिटं होती आणि तुम्ही कोट चढवला होता. तुम्ही तो उतरवून खुर्चीच्या पाठीवर टाकलात, ड्रॉवरमधून नवे सेल काढलेत आणि पाम क्रेडलमध्ये ठेवलात. बॅकअप परत उतरत असताना मला चिवड्याचा डबा दिलात. ओरडला नाहीत. त्या रात्री तुमची शेवटची बस चुकली, हे मला आठवड्यानं दुसऱ्याच कुणाकडून समजलं.

जूनमध्ये मी दुसऱ्या हॉस्पिटलातली रोटेशन संपवून परतले, तर काउंटरवर नवीन माणूस. आभार मानायचे राहूनच गेले. ते आता मानते. सेलचे, चिवड्याचे, बसचे आणि परत सरकवलेल्या तीन चिठ्ठ्यांचे.

मागच्या महिन्यात एका ज्युनियरनं बघता बघता फोनवर चाळीस लेख काढून माझ्यापुढे धरले. मी म्हटलं, 'आधी प्रश्न लिही.' तो म्हणाला, 'कुठे?' मी त्याला चिठ्ठी दिली. एकदा परत सरकवली आहे.

तुमची,
मिरजेची रेसिडेंट

ता. क. माझा स्टायलस, म्हणजे पामच्या पडद्यावर लिहायची काडी, हरवला तेव्हा तुमचा दिला होतात, तो अजून माझ्याकडेच आहे. आणि ग्राफिटीची, म्हणजे पामवर अक्षरं काढायच्या ठरावीक पद्धतीची, सवय हातातून गेलेली नाही. इंग्रजी 'ए' मी आजही आडवी रेघ न देता, नुसता डोंगर काढते. फार्मसीवाले वैतागतात.